आडवण मिशनची वाट

माणगाव, सोमवार, २४ नोव्हेंबर १९५८

आज गुडघा पुन्हा दुखतो आहे. या कोकणात माणसाचे सांधे आणि दाराच्या चौकटी बरोबरच फुगतात. आमच्या बार्शीला कपाट उघडायला कधी दोन हात लागले नाहीत. बदलीचा अर्ज करून चौदा महिने झाले, उत्तर नाही.

कचेरीत नवं काम आलं. बोर्डाकडे यंदा श्रीवर्धनच्या बाजूला एकच रस्ता पक्का करण्यापुरता निधी आहे आणि अर्ज तीन गावांचे. ज्या रस्त्याची अवस्था सर्वांत वाईट आणि ज्याच्या टोकाला लोकांच्या उपयोगाची संस्था, त्याला मंजुरी, असं ठरलं आहे. तिन्ही रस्ते पाहून अहवाल मी करायचा. म्हणजे पाय मोडायचे ते ओव्हरसियरचे, सही करायची ती साहेबांची.

दोन अर्जांत गावकऱ्यांनी मायबाप सरकारच्या पायांवर डोकी ठेवली आहेत. तिसरा बोर्ली पंचतनपासून नऊ मैलांवरच्या आडवण मिशनचा. त्यात तीनच ओळी. 'इथे आठ खाटांचा दवाखाना आहे. रस्ता फार वाईट आहे. येऊन पाहावा. सत्यवती साळवे, परिचारिका.' अक्षर बारीक आणि सरळ, कुठे खाडाखोड नाही. वीस वर्षांच्या नोकरीत असा अर्ज वाचला नव्हता. परवा तिकडे निघायचं.

आडवण, बुधवार, २६ नोव्हेंबर

संध्याकाळ. मिशनच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. अंगातलं प्रत्येक हाड वेगळं मोजता येईल इतकं दुखतं आहे.

सकाळी आठला बोर्ली सोडली. पहिला मैलभर सुपारीच्या वाड्यांतून गार सावली होती, तेवढंच काय ते सुख. मग घाटी लागली. चढ मोजला, सहाला एक. याला रस्ता म्हणणाऱ्याने रस्ता पाहिला नसावा. डोंगरावरून पाणी जिथून आलं तिथून त्याने दगड आणून टाकले आहेत आणि दगडांच्या मधून बैलगाडीच्या चाकोऱ्या गेल्या आहेत. आमची जीप लढाईतली. ती ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आली, असं आमचा ड्रायव्हर तुळशीराम सगळ्यांना सांगतो. मी म्हटलं, "मग तिला हे काय जड जाणार?" तर म्हणतो, "साहेब, तितं निस्ते जपानी होते."

तीन वेळा उतरून चाकामागे दगड लावले. चौथ्यांदा उतरायच्या आत जीप वहाळात बसली. तीस फूट रुंदीचं पात्र, त्यात गोल गोटे, चाक जितकं फिरावं तितकं खाली जावं. तुळशीरामने तोंडाभोवती हात धरून डोंगराकडे लांब हाळी घातली. मी म्हटलं, या रानात कोण ऐकणार? पाच-सात मिनिटांत वरच्या कोंडवाडीतून सहा माणसं धावत आली. भाताची झोडणी टाकून आली होती, अंगाला पेंढ्याचं कूस चिकटलेलं. कुणी काही विचारलं नाही. जीपला खांदे लावले आणि पलीकडे काढून ठेवली. त्यानंतर त्यांच्यातला वयस्क होता त्याने, धर्माजी त्याचं नाव, मला विचारलं, "आपण कोन?"

मी म्हटलं, "आधी का नाही विचारलंत?"

"वाटेवर हाळी आली का यायचं. आत कोन हाय ते मागनं."

मग त्याने सांगितलं ते असं. या नऊ मैलांत तीन वस्त्या आहेत, कोंडवाडी, माळवाडी आणि आडवणचा कोळीवाडा. आजारी माणसाला, अडलेल्या बाईला डोलीत घालून मिशनला नेतात. कोंडवाडीची चार माणसं माळवाडीच्या हद्दीपर्यंत नेतात आणि हाळी घालतात. माळवाडीची चार माणसं हातातलं काम टाकून येतात आणि खांदा देतात. ती कोळीवाड्याच्या हद्दीपर्यंत. डोलीत कोण, कुठल्या जातीचा, आपला की वैऱ्याचा, हे हद्दीवर विचारायचं नाही, अशी रीत आहे. किती वर्षांची? "पाद्रीबावाच्या टायमाची," म्हणाला. म्हणजे मिशन बांधणाऱ्या पाद्र्याच्या काळची, सव्वाशे वर्षांची.

मी वहीत लिहिलं, 'स्थानिक सहकार्य उत्तम.' लिहिल्यावर ते वाक्य फार दरिद्री वाटलं.

दुपारी साडेबाराला खिंड ओलांडली. खाली खाडीचं पाणी, माडांची रांग आणि टेकाडावर जांभ्या दगडाची छोटी प्रार्थनामंदिराची इमारत. इतक्या वाईट वाटेच्या टोकाला इतकी नीटनेटकी जागा असेल असं वाटलं नव्हतं. तुळशीरामने जीप थांबवली, टोपी काढली आणि उगाच परत घातली. नऊ मैलांना साडेचार तास लागले.

आडवण, गुरुवार, २७ नोव्हेंबर

सत्यवतीबाई चाळिशी ओलांडलेल्या, मूळच्या नगरकडच्या, म्हणजे देशावरच्याच. उंच, सावळ्या, बोलणं मोजकं. एकवीस वर्षं इथे आहेत. मिशनचे डॉक्टर उजागरे महिन्यातून एकदा येत असत. त्यांच्या मोटारीचा आस दोन वर्षांपूर्वी वहाळात मोडला, तेव्हापासून तेही नाहीत. खाटा, औषधं, बाळंतपणं, सगळं या बाई आणि हाताखाली कोळीवाड्यातल्या नीराबाई, अशा दोघी पाहतात.

सगळं मिशन फिरून पाहिलं. चौकटीवर १८३४ कोरलं आहे. भिंती दोन हात जाड, चुन्यात गुळाचं पाणी घातलेलं असावं, अजून सुरी शिरत नाही. तुळया सागाच्या, एकीलाही वाळवी नाही. कुणा स्कॉटिश पाद्र्याने गलबतातून बायकोसह येऊन हे बांधलं. मागच्या चौथऱ्यावर चार थडगी आहेत. पाद्री, त्याची बायको आणि दोन तान्ही मुलं. मुलांच्या तारखा आठ दिवसांच्या अंतराने. इतकं झाल्यावर मी असतो तर पहिल्या गलबताने परत गेलो असतो. तो आणखी सत्तावीस वर्षं राहिला. मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही, पण त्या चौथऱ्यापुढे पायातल्या वहाणा आपोआप काढल्या गेल्या.

दवाखान्याची नोंदवही पाहिली. यंदा आजपर्यंत एकशे तेहेतीस बाळंतपणं. दगावलेल्या माता, दोन. मी ती दोनाची संख्या पुन्हा पाहिली. बाईंना वाटलं मी दोष देतो आहे. त्या म्हणाल्या, "दोघींना आणायला उशीर झाला होता." मी म्हटलं, "नाही बाई, मी दुसऱ्याच कारणासाठी पाहत होतो."

यमू, माझी बायको, बाळंतपणात गेली त्याला बारा वर्षं झाली. बार्शी सहा मैल होती आणि बैलगाडी चिखलात रुतली. कुणी हाळी घातली नाही, घातली असती तरी कोण आलं असतं? हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

दुपारी नीराबाईंनी माझ्यासाठी वेगळ्या चुलीवर कुळथाचं पिठलं आणि भाकरी केली. "भटाला सुकटीचा वास लागाया नको," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. वास तरीही आला. जेवण झाल्यावर बाईंनी मुंबईच्या मिशन-कमिटीचं पत्र दाखवलं. कमिटी म्हणते, जिथे डॉक्टरांची मोटार जात नाही तिथे दवाखाना चालवणं परवडत नाही. येत्या ईस्टरच्या आत मोटार दारापर्यंत जाऊ लागली नाही, तर जूनपासून खाटा उचलून दुसरीकडे नेणार.

"गेल्या तर परत येणार नाहीत," बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. मी मात्र छाती पुढे काढून म्हटलं, "माझा अहवाल असा लिहितो की साहेबांना दुसरा रस्ता दिसताच कामा नये."

माणगाव, शुक्रवार, ५ डिसेंबर

अहवाल चौदा पानांचा झाला. 'अद्वितीय', 'देवतुल्य' आणि 'डोळ्यांत पाणी आणणारे' ही तीन विशेषणं खोडली, सरकारी कागदाला शोभत नाहीत. चढ, उतार, गोट्यांचे व्यास, सगळं मोजून लिहिलं आहे. बाकीचे दोन रस्तेही पाहिले. हरिहरेश्वरच्या बाजूचा फाटा वाईट आहे, पण आडवणपुढे तो राजमार्ग.

माणगाव, शनिवार, १७ जानेवारी १९५९

कार्यकारी अभियंता, म्हणजे आमचे मोठे साहेब, यांनी अहवाल वाचून शेरा मारला, 'वर्णन अतिरंजित वाटते. स्वतः पाहीन.' अतिरंजित! गोट्यांचे व्यास मी फूटपट्टीने मोजले आहेत.

मग विचार केला, बरंच झालं. पाहू देत स्वतः. ज्याचं जळतं त्याला कळतं. साहेबांचं अंग एकदा त्या घाटीत आपटलं की चौदा पानांचं काम चौदा मिनिटांत होईल.

माणगाव, मंगळवार, ३ मार्च

साहेबांची तारीख गेल्या महिन्यात ठरली, गुरुवार बारा मार्च. फेब्रुवारीअखेरीलाच बाईंना कार्ड टाकलं होतं. आज उत्तर आलं. 'स्वागत आहे. साहेबांनी जीपने न येता आपल्या मोटारीने यावे. वयस्क माणसाला जीपचे धक्के सोसणार नाहीत. तसे आपण कळवावे.'

वाचून हसू आलं. एकवीस वर्षं राहून या बाईंना आपली वाट कशी आहे हे उमगलेलं नाही. तिथे जीप रुतते, तिथे मोटार! बाई रुग्णांच्या बाबतीत जितक्या तरबेज तितक्या व्यवहारात भोळ्या.

पण मग माझ्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला. मोटार आली तर ती वहाळात अडकणार. साहेब गुडघाभर पाण्यात उतरणार. याहून चांगला पुरावा कुठला? म्हणून साहेबांच्या कारकुनाला मुद्दाम कळवलं, की मोटारच आणावी. साहेबांनी नवी अँबॅसॅडर घेतली आहे आणि ती दाखवायची त्यांना हौस आहे, तेव्हा लगेच होकार आला. आपण इतके धूर्त असू असं मला वाटलं नव्हतं.

एक नवा सदरा शिवायला टाकला आहे. जुन्याची कॉलर विरली आहे म्हणून, दुसरं काही कारण नाही.

माणगाव, गुरुवार, १२ मार्च

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

सकाळी बोर्लीहून निघालो. पुढे साहेबांची अँबॅसॅडर, मागे आमची जीप. सुपारीच्या वाड्या संपल्या आणि मला वाटलं आम्ही वाट चुकलो. घाटीत एक धोंडा नाही! वाट झाडलेली, खड्ड्यांत मुरूम भरून चोपलेला, वर पाणी शिंपडलेलं. दोन्ही कडांना दगड लावून त्यांना शिंपल्यांचा चुना फासलेला. प्रत्येक वस्तीच्या हद्दीवर आंब्याच्या पानांचं तोरण, खाली रांगोळी. वहाळात जांभ्याच्या चिऱ्यांची फरसबंदी केलेली, चिरे असे बसवलेले की मोटारीत साहेबांच्या मांडीवरचं वर्तमानपत्रही हललं नसेल.

कोंडवाडीच्या हद्दीवर माणसं ओळीने उभी होती. मी जीपमधून उतरून धर्माजीला बाजूला ओढलं. "हे काय केलंत?"

"वाट केली," तो म्हणाला. चेहरा नुसता उजळलेला. "शिमग्याला देवाची पालखी येते तवा करतो तशी. औंदा पंदरा दिस आदी केली. ज्या वाडीचा जेवडा खांदा तेवडा वाटा. घरटी एक मानूस. साहेब येनार, मग वाट नको?"

पाहुणा येणार तर त्याच्यासाठी वाट करायची, ही या लोकांची रीत. आणि पाहुणा येणार होता तो वाट किती वाईट आहे ते पाहायला! हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं. मी नव्या सदऱ्याच्या नादात राहिलो.

साहेब पन्नास मिनिटांत आडवणला पोचले. खाली उतरून टायरांवरची धूळ रुमालाने झटकली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काटीकर, तालुक्यातला सगळ्यात चांगला रस्ता तुम्ही सगळ्यात वाईट म्हणून लिहिलात?" मी नोव्हेंबरची मापं सांगायला गेलो, तर त्यांनी हात वर केला.

आणि बाई? त्या शांत उभ्या. साहेबांना सगळं मिशन दाखवलं, शहाळं दिलं. मग ओसरीवर टेबल मांडलेलंच होतं, त्यावर मिशनचं जुनं शेरेबुक, शेजारी नवं पेन, झाकण काढून ठेवलेलं. "दोन शब्द लिहावेत." साहेब खुशीत होते. त्यांनी दवाखान्याची स्तुती लिहिली. बाई नम्रपणे म्हणाल्या, "रस्त्याबद्दलही लिहावं, आमच्या लोकांना बरं वाटेल. मोटारीने किती मिनिटं लागली तेही. आणि खाली हुद्दा." साहेबांनी लिहिलं, 'बोर्लीहून माझ्या मोटारीने पन्नास मिनिटांत आलो. रस्ता मोटारीस सर्वस्वी योग्य.' सही, हुद्दा, तारीख.

आपल्या हाताने आपल्या पायांवर धोंडा! भोळेपणालाही काही मर्यादा असते. मला ते पाहवेना, मी थडग्यांकडे जाऊन उभा राहिलो.

माणगाव, शुक्रवार, १३ मार्च

लेखी हुकूम आला. 'आडवण रस्ता सुस्थितीत. यादीतून वगळावा.' निधी हरिहरेश्वरच्या बाजूच्या फाट्याला. ईस्टरला सोळा दिवस उरले आहेत. जेवण गेलं नाही.

बोर्ली पंचतन, रविवार, १५ मार्च

कबुली द्यायला गेलो होतो. सुट्टीचा दिवस, सरकारी जीप वापरायची नाही, म्हणून काल एस. टी.ने बोर्लीला येऊन राहिलो आणि आज पहाटे चालत निघालो. वाट अजून तशीच होती, देखणी. नऊ मैलांत गुडघ्याने एकदाही कुरकुर केली नाही. त्या सुंदर वाटेवरून चालताना मला तिचा राग येत होता आणि केवढं काम केलंय म्हणून कौतुकही वाटत होतं.

उपासना आटपून बाई ओसरीवर आल्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. यादीतून नाव गेलं. तुमच्या लोकांनी वाट दुरुस्त केली हाच घात झाला. आणि दोष त्यांचा नाही, माझा, मी आधी सांगितलं नाही.

बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काटीकर, मंजुरी मिळाली असती तर तुमचा सरकारी रस्ता किती दिवसांत झाला असता?"

मी म्हटलं, "यंदा मंजुरी, पुढल्या साली निविदा. अडीच-तीन वर्षं."

"आणि कमिटीची मुदत?"

"ईस्टर."

"हं," म्हणाल्या. "बसा. चहा घ्या."

या प्रश्नांचा रोख मला कळला नाही. दुःखात माणूस काहीही विचारतो. मी धीर देण्यासाठी काही बोलणार, तोच नीराबाई आतून चहा घेऊन आल्या आणि हसत म्हणाल्या, "आमच्या कोळीवाड्याचा अंबाजी त्याच दिवशी गेला की म्हमईला, कागद घेऊन. साहेबांची मोटार अजून घाटीत व्हती."

"कसला कागद?"

"शेऱ्याची नक्कल," बाई म्हणाल्या. "कमिटीला पाठवली."

मी कप खाली ठेवला. केवढा योगायोग! ज्या वाक्याने रस्ता बुडाला तेच वाक्य कमिटीपुढे चालण्यासारखं होतं. सरकारचा एवढा मोठा अभियंता सही करून सांगतो की मोटार जाते! देवाच्या कृपेने बाईंना ऐनवेळी नक्कल पाठवायचं सुचलं. मी त्यांचं मनापासून अभिनंदन केलं. नीराबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या, त्यांना काय झालं कोण जाणे.

निघताना धर्माजी वाटेत भेटला. त्यालाही झालं ते सांगितलं, कारण मनात ठेवून जाववेना. म्हटलं, "आता सरकारी रस्ता मिळत नाही, तुमच्या मेहनतीमुळेच."

त्याने वाटेकडेचा सरकलेला चुन्याचा दगड जागी लावला. "बायनी सांगितलं व्हतं आमास्नी, आसं व्हईल म्हनून," म्हणाला. "इचार करून ठरीवलं."

म्हणजे बाईंना शंका आली होती तर. मग त्यांनी मला का बरं कळवलं नाही? मला त्रास नको म्हणून असेल.

माणगाव, शनिवार, २१ मार्च

बाईंचं कार्ड. 'डॉक्टर उजागरे ईस्टरला स्वतःच्या मोटारीने येऊन पाहणार आहेत. आपणही जेवायला यावे. पेन भरून आणावे, इथली शाई संपली आहे.' खेड्यात शाईसुद्धा मिळत नाही, काय ही अडचण. दोन बाटल्या विकत घेतल्या.

बोर्ली पंचतन, रविवार, २९ मार्च

डॉक्टरांची मोटार सव्वाअकराला दारात आली.

शिमग्याच्या पालख्या होऊन गेल्या होत्या तरी वाट चोख होती, काल परत झाडली होती. डॉक्टर उजागरे म्हातारे, जाड चष्म्याचे, स्वभावाने कडक. मोटारीतून उतरले, वाकून आस पाहिला, मग वर पाहून म्हणाले, "आलो खरा." एवढ्यावर नीराबाई मोठ्याने रडल्या. कोळीवाडा, माळवाडी, कोंडवाडी, सगळी माणसं प्रार्थनामंदिराच्या बाहेर जमली होती. त्यांतली ख्रिस्ती घरं मोजून पाच. आत उपासना चालली होती आणि बाहेर बाकीचे उन्हात टोप्या काढून उभे होते. मीही त्यांच्यात होतो.

जेवण होताच डॉक्टरांनी शेरेबुक मागवलं. साहेबांचा शेरा वाचला. "हे मार्चचं झालं," म्हणाले. "पावसाळ्यात हा मुरूम राहील का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तिथे रस्त्यांतलं कळणारा मी एकटा. खोटं बोललो असतो तर कुणाला कळलं नसतं. मी म्हटलं, "नाही राहणार. जूनअखेर घाटी वाहून जाईल आणि वहाळातले चिरे खाडीत जातील."

"मग?" डॉक्टर म्हणाले. "मी कमिटीला काय सांगू? पावसाळ्यात रोगी कसे येणार?"

धर्माजी ओसरीच्या पायरीशी बसला होता. तो तिथूनच म्हणाला, "ते चार म्हयने खांदे हायत. पाद्रीबावापासनं हायत."

"आणि पावसाळ्यानंतर? हा रस्ता पुन्हा मोटारीसाठी होईल, याचा शब्द कोण देतो? मला कागदावर हवा."

बाईंनी शेरेबुक टेबलावर माझ्या बाजूला वळवलं होतं. केव्हा वळवलं ते मी पाहिलं नाही.

वीस वर्षांत न मोजलेल्या गोष्टीवर मी सही केलेली नाही. घाटीला किती मुरूम लागेल, किती माणसं, किती दिवस, यांतलं काही मी मोजलेलं नव्हतं. वहाळातली ती सहा माणसं आठवली, पेंढ्याचं कूस लागलेली. आणि बार्शीची गाडी आठवली. मी पेन काढलं आणि साहेबांच्या शेऱ्याखाली लिहिलं, 'दर वर्षी दिवाळीच्या आत हा रस्ता मोटारीस योग्य केला जाईल. हमी माझी. ग. वि. काटीकर, ओव्हरसियर.' मग 'ओव्हरसियर' खोडलं. सरकारने हमी घेतलेली नाही, मी घेतली आहे. अर्जात आणि अहवालात मी खाडाखोड सहन करत नाही, पण ही राहू दिली.

डॉक्टरांनी वाचलं. चष्मा पुसला. "खाटा राहतील," म्हणाले.

मग काय गलका झाला ते लिहिता येणार नाही. कोळीवाड्याच्या बायकांनी सत्यवतीबाईंना मिठ्या मारल्या. एकवीस वर्षांत त्यांना कुणी रडताना पाहिलं नसेल, आज पाहिलं. रडता रडता त्या माझ्याकडे बघून हसल्या. "तुम्ही याल याची खात्री होती," म्हणाल्या. मी म्हटलं, "निमंत्रण होतं म्हणून आलो." यावर त्या आणखी हसल्या.

संध्याकाळी परत निघालो तेव्हा धर्माजी आणि वाड्यांची माणसं वहाळापर्यंत बरोबर आली. पाण्याशी पोचल्यावर धर्माजीने मला थांबवलं.

"साहेब, हमी दिलीत. आता तुमचा वाटा कुटला?"

"कसला वाटा?"

"वाट ज्याची त्यानं करायची. ज्याचा शब्द त्याला वाटा. फुकट हमी आमच्यात चालत न्हाय."

त्यांनी आपसांत बोलून मला जागा नेमून दिली. वहाळातून घाटीकडे चढतानाचा तुकडा, जिथे नोव्हेंबरात आमची जीप फसली होती त्याच्या लगतचा. सगळ्या नऊ मैलांत याहून वाईट जागा नाही. मी टेप काढून मोजली, लांबी चौतीस फूट, चढ पाचला एक. अंबाजीने दोन्ही टोकांना चुन्याचे दगड ठेवले आणि मोठ्याने सगळ्यांना सांगितलं, हा काटीकरसाहेबांचा वाटा.

बार्शीला माझी तीन एकर जमीन आहे, तिकडे मी दहा वर्षांत फिरकलो नाही. या चौतीस फुटांवर मात्र मी दोन वेळा खाली-वर चालून पाहिलं. पाणी डावीकडून येतं, तिथे आधी गटार काढायला हवं. जूनमध्ये हे सगळं वाहून जाणार, याबद्दल मला जराही शंका नाही. बदलीचा अर्ज उद्या मागे घेतो आणि ऑक्टोबरातल्या पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज आत्ताच टाकून ठेवतो.